सहा मेगापिक्सेलचा मी आणि आजीचं गोंदण

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. सुरतेत उधन्याला एका खोलीतल्या लोखंडी कपाटात, वरच्या खणात, लग्नात आलेल्या चादरींच्या मागे माझं बिऱ्हाड आहे. कंपनीचं नाव माझ्या कपाळावरून कधीच झिजून गेलं, पण अंगावरचा सहाचा आकडा मेला अजून जसाच्या तसा आहे. सहा मेगापिक्सेल. याच आकड्यानं एकेकाळी माझी मान ताठ ठेवली आणि याच आकड्यानं मला पुढे तोंड दाखवायला जागा ठेवली नाही.

माझा जन्म फार दूरच्या कारखान्यात झाला. तिथं माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत वावरत, कारण धुळीचा एक कण आत गेला तरी माझा डोळा बिघडला असता. मोठ्या टपाल तिकिटाएवढी एक पाटी माझ्या पोटात बसवली गेली. तिच्यावर उजेड साठवणारे बारीक बारीक कप्पे असतात, त्यांनाच पिक्सेल म्हणतात. दहा लाख कप्पे झाले की एक मेगापिक्सेल होतो. माझे कप्पे थोडे होते, पण ऐसपैस होते. एकेकाला हातपाय पसरायला जागा होती म्हणा ना.

वाल्मिकनं मला एका जुन्या फोटोवाल्याकडून घेतलं. वाल्मिक अमळनेरकडचा, उधन्याला पॉवरलूमवर कारागीर होता. पोटापाण्यासाठी लूम आणि मनासाठी मी, अशी त्याची वाटणी होती. सुट्टीच्या दिवशी तो मला गळ्यात अडकवून हळदी, साखरपुडे, बारशी करत हिंडायचा. आमच्या खान्देशी वस्तीतल्या मंडपांत तेव्हा एखादाच पिवळा दिवा असायचा, आणि त्या उजेडातही नवरीच्या हातावरची मेंदी मी नीट टिपायचो. बायका फोटो पाहून म्हणायच्या, "वाल्मिकभाऊ, कॅमेरा भारी शे तुना!" मी आतल्या आत फुगायचो. मला पाटावर बसवून ओवाळायचं तेवढं बाकी होतं.

मी इतका हुशार का, हे वाल्मिक आपल्या आईला एकदा समजावत होता. आई म्हणजे मालतीबाई. घरात मुलं तिला माय म्हणत, सून आत्या आणि नातवंडं आजी. तो म्हणाला, "माय, लूमच्या खोलीत कुणी कुजबुजलं तर ऐकू येतं का? नाही येत. खडखडाटात विरून जातं. तशी प्रत्येक कॅमेऱ्याच्या पोटात बारीक खडखड चालूच असते. उजेड भरपूर असला तर तो ओरडून बोलतो, खडखड कुणाला जाणवत नाही. उजेड कमी झाला की तो कुजबुजतो. याचे कान मोठे आहेत, याला कुजबूज ऐकू येते. लहान कानाच्या कॅमेऱ्याला नुसती खडखड ऐकू येते, आणि मग फोटोवर वाळू सांडल्यासारखे दाणे येतात."

वर्षानुवर्षं लूमच्या आवाजाशेजारी राहिलेल्या मायला ते पटकन कळलं. इतरांना मात्र कळेना.

कारण मित्रांनो, बाजारात आकड्यांची शर्यत लागली होती. दहा आले, बारा आले, सोळा आले, वीस आले. पाटी करंगळीच्या नखाएवढी, आणि तिच्यावर कप्प्यांची ही दाटी! पण पाटी कोण पाहतो? गिऱ्हाईक दारातच विचारायचं, "केटला मेगापिक्सल?" वाल्मिक सहा म्हणाला की समोरचा असा हसायचा, जणू आम्ही वरातीत सायकल घेऊन आलो होतो. आधी वाल्मिक लूमचा दाखला देऊन समजवायचा. मग नुसतं ओशाळून हसायला लागला. शेवटी शेवटी कुणी आकडा विचारला तर तो माझ्यावर पंजा ठेवून सहाचा आकडा झाकायचा. त्या पंजाची मला चीड यायची, खोटं कशाला बोलू?

मग कामं थांबली. वाल्मिक पलसाण्याला रंगाच्या मिलमध्ये लागला आणि मी चादरींच्या मागे गेलो. सणासुदीला तो मला काढायचा, बॅटरी भरायचा, फुंकर मारायचा आणि पुन्हा ठेवून द्यायचा. तेवढ्यावर मी वर्ष काढायचो.

आता मायबद्दल सांगतो. तिच्या कपाळावर भुवयांच्या मधोमध गोंदणाचे ठिपके होते, हनुवटीवर एक होता आणि गालावर बाजरीच्या दाण्याएवढा एक. लहानपणी जत्रेत गोंदवून घेताना ती रडून रडून बेजार झाली होती म्हणे. पण त्या ठिपक्यांचा तिला फार अभिमान. सून छाया, म्हणजे वाल्मिकची बायको, तिची वेणी घालायला बसली की ती म्हणायची, "सोनं आठेच ऱ्हास, पोरी. गोंदण तेवढं संगे येस." म्हणजे मेल्यावर सोनं इथंच राहतं, गोंदण मात्र सोबत येतं. छाया हसून म्हणायची, "आत्या, आता केस विंचरू द्या, संगेचं मग बघू."

त्या वर्षी श्रावणात घरी कानबाई बसायची होती. खान्देशी घर सुरतेत असो नाहीतर आणखी कुठे, श्रावणातल्या त्या रविवारी कानबाईचा नारळ नथ लेऊन चौरंगावर बसतो, घरभर पुरणाचा वास सुटतो आणि सोमवारी वाजतगाजत तापीवर तिचं विसर्जन होतं. मायची तब्येत तेव्हा खालावलेली होती. दम लागायचा, जेवण तुटलं होतं. दोन दिवस आधी तिनं वाल्मिकला जवळ बोलावलं.

"वाल्मिक, मना एक फोटू काढी दे. कानबाईसंगे. मी गई का भिंतवर तोच लावजो."

"असं काय बोलतेस, माय?"

"खरं तेच बोलस. आधारना फोटूमा मी चोर दिसस. मनं गोंदण दिसाले जोयजे. आणि तुना त्या जुना कॅमेरावरच काढजो, दुसरा कशावर नको."

मित्रांनो, हे मी कपाटातून ऐकलं. इतक्या वर्षांत कुणी माझं नाव घेऊन मला मागितलं नव्हतं.

रविवारी वाल्मिकनं मला खाली काढलं. बॅटरी भरली, काच पुसली, उजेड जास्तीत जास्त ऐकू यावा म्हणून माझे कान पूर्ण उघडे केले. दिवेलागणीला कानबाई बसली. मायचा एक नियम होता, आरतीच्या वेळी ट्यूबलाइट बंद करायची आणि फ्लॅशही मारायचा नाही. "देवीना डोयावर ईज नका पाडू रे," ती दर वर्षी सांगायची. म्हणून खोलीत फक्त समईचा उजेड होता. माय हिरवं लुगडं नेसून चौरंगाशेजारी बसली आणि पदर कपाळावरून थोडा मागे सारला, ठिपके दिसावेत म्हणून. वाल्मिकनं माझं झाकण काढलं. मी तिच्याकडे पाहिलं. एकूण एक ठिपका मला दिसत होता.

तेवढ्यात योगेश आला. योगेश म्हणजे वाल्मिकच्या बहिणीचा मुलगा, भेस्तानला मोबाइलच्या दुकानात कामाला. आजीवर जीव टाकणारा पोरगा. त्यानं मला पाहिलं आणि त्याला हसू आवरेना.

"मामा, हा अजून आहे? सहा मेगापिक्सल? आने तो म्युझियममां मूको! माझ्या फोनमध्ये एकसो आठ छे. आजीचा फोटो एकदम टॉप आणतो, बघा."

पाहुणे हसले, शेजारचेही हसले. वाल्मिकचा पंजा आपोआप माझ्या आकड्यावर आला. माय काहीतरी म्हणत होती, पण तितक्यात आरती सुरू झाली आणि टाळ्यांत तिचा आवाज बुडाला. वाल्मिकनं मला फ्रिजवर, नैवेद्याच्या रोटांच्या ताटामागे ठेवून दिलं. मीही तिचाच लेक, असं म्हणायचं माझ्या ओठांवर आलं असतं, पण मला ओठ कुठले?

झाकण काढलेलं होतं, बॅटरी भरलेली होती, सगळं जुळवलेलं होतं आणि ताटाच्या कडेवरून माय मला नीट दिसत होती. फक्त एक बोट हवं होतं, कुणाचंही चाललं असतं. मित्रांनो, आम्हा कॅमेऱ्यांना स्वतःचं बटण स्वतः दाबता येत नाही. मी आयुष्यात इतका लाचार कधी झालो नव्हतो.

योगेशनं फोटो काढले. सगळ्यांनी त्या लहानशा पडद्यावर ते पाहिले आणि वा वा केलं. वीतभर पडद्यावर कोण वाईट दिसतं? मायनंही डोळे बारीक करून पाहिलं आणि मान हलवली. मग पदर पुन्हा कपाळावर ओढून घेतला.

दिवाळी झाली आणि थंडीत माय गेली.

भिंतीवर लावायला योगेशनंच फोटो मोठा करून, चौकट घालून आणला. कागद सोडला आणि सगळे जवळ सरकले. लुगड्यावर, भिंतीवर, कानबाईच्या चेहऱ्यावर रंगीत वाळू सांडल्यासारखे दाणे होते. आणि मायचा चेहरा गुळगुळीत होता, धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखा. सुरकुत्या गेल्या होत्या. कपाळ कोरं, हनुवटी कोरी, गाल कोरा.

छाया पुढे झाली आणि तिनं काचेवर कपाळाच्या जागी बोट फिरवलं. मग म्हणाली, "ह्या आमच्या आत्या नाहीत."

योगेशला रडू फुटलं. "मामा, फोनमध्ये साधा मोड असतो. त्यात छोटे छोटे पिक्सल एकत्र होतात, अंधारात बरं येतं. पण मी एकसो आठवाला मोड लावला. आजीसाठी होता ना, म्हणून सगळ्यात मोठा लावला."

त्याला कोण बोलणार? मोठ्या आकड्यात त्यानं आपलं सगळं प्रेम ओतलं होतं. इवल्याशा कप्प्यांना समईची कुजबूज ऐकू आली नाही, आतली खडखड तेवढी ऐकू आली. फोनलाही ते दाणे दिसले असणार. त्यानं शहाण्यासारखे चेहऱ्यावरचे तेवढे पुसायला घेतले, आणि दाणा कोणता अन् गोंदणाचा ठिपका कोणता हे त्याला कुठून कळावं? त्यानं मायचं गोंदण घाण समजून पुसून टाकलं.

"खरंच संगे घेऊन गेल्या," छाया म्हणाली.

त्या दिवशी वाल्मिकनं मला कपाटातून काढलं आणि मांडीवर घेतलं. त्याच्याकडून चूक झाली, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याचा अंगठा माझ्या सहाच्या आकड्यावरून फिरत होता, पण या वेळी तो आकडा झाकत नव्हता.

यंदा पुन्हा कानबाई बसली. चौरंगाशेजारी, माय बसायची तिथं, तिचा फोटो ठेवला. ट्यूबलाइट बंद केली. वाल्मिकनं मला डोळ्याला लावलं. योगेश शेजारी उभा होता, त्यानं खिशातून फोन काढला नाही. माझी बॅटरी आता म्हातारी झाली आहे, एका फोटोपुरताच तिच्यात जीव होता. मी तो काढला आणि मिटलो.

फोटो चांगला आला आहे, सगळे म्हणतात. समईची वात, नथीतला मोती, सगळं स्वच्छ आहे. मायच्या चौकटीच्या काचेवर छाया रोज सकाळी काजळानं ठिपके काढते, कपाळावर, हनुवटीवर, गालावर. धूळ पुसताना ते जातात, ती पुन्हा काढते. ते काजळाचे ठिपके माझ्या फोटोत इतके ठळक आले आहेत की एकेक मोजून घ्यावा. त्यांच्या मागे चेहरा नाही. मी किती जरी जीव लावला तरी जे पुसलं गेलं ते मला परत आणता येत नाही.

म्हणून मित्रांनो, नवा कॅमेरा घ्या, फोन घ्या, माझ्यापेक्षा चांगले कितीतरी आहेत. मला कपाटातच राहू द्या, माझं काही म्हणणं नाही. पण आकडा विचारण्याआधी उजेड किती आहे ते बघा. आणि घरात आजी असेल तर आजच सकाळी तिला खिडकीपाशी नेऊन बसवा. पदर थोडा मागे घ्यायला सांगा. ती कुठल्या कॅमेऱ्यानं काढ म्हणते ते ऐकून घ्या, आणि कुणी हसलं तरी बटण दाबा.