दीमक गेल्यावर

धानोऱ्याच्या स्टँडवर बस लागली होती. करिष्मा उंदिरवाडे तिकिटाचं मशीन मांडीवर ठेवून चहा पीत होती, तेवढ्यात प्रणितचा फोन आला.

"दीमक गेली," तो म्हणाला.

"कुठी गेली?"

"बंदी आली वं. आत्ताच कंपनीची यादी निघाली. एकच नाव हाय त्याच्यात."

करिष्मानं उरलेला चहा एका घोटात संपवला. गडचिरोलीला जाणारे लोक गाडीत चढून बसले होते आणि ड्रायव्हर हॉर्न देत होता. "मी उतरल्यावर बोलते," ती म्हणाली. तिनं फोन ठेवला, घंटी मारली. त्या फेरीत तिनं दोन माणसांना चुकीच्या गावाचं तिकीट दिलं. तीन वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं.

राज्य स्पर्धेला एकोणीस दिवस राहिले होते.

'महावन' हा पत्त्यांचा खेळ तिला प्रणितनंच शिकवला होता. त्याचं गडचिरोलीच्या चौकात मोबाइल दुरुस्तीचं दुकान. दुकान बंद करायच्या आधी तासभर तो काउंटरवर पत्ते मांडायचा. हे रमीचे पत्ते नव्हेत. बंद पाकिटातून येतात, हजारभर प्रकारचे, कशावर जनावर तर कशावर आग, पूर, शिकारी. त्यातून प्रत्येकानं आपला चाळीस पत्त्यांचा जोड बांधायचा. एकाच पत्त्याच्या जास्तीत जास्त तीन प्रती. दर पाळीला तीन दाणे मिळतात, दाणे देऊन जनावर मांडता येतं, आणि जनावरांनी समोरच्याचा किल्ला एकेक दगड करत पाडायचा. हत्तीला आठ दाणे लागतात, म्हणजे तीन पाळ्यांचे साठवावे लागतात. मुंगसाला एक पुरतो.

बाकीचे लोक हत्ती-वाघ जमवत होते तेव्हा करिष्माची नजर दीमकवर गेली. दीमक, म्हणजे वाळवी, प्रत्येक पाकिटात निघायची, पोरं तिला टाकून द्यायची. एक दाणा किंमत, ताकद शून्य. फक्त एवढंच, की ती मांडलेली असेल तोवर दर पाळीला समोरच्याचा एक दाणा खाते. करिष्मानं बसच्या फेऱ्यांत हिशोब केला: तीन दीमक मांडल्या तर समोरच्याचे तिन्ही दाणे जातात. त्यानं एखादी मारली, तर 'बाँबी' नावाचा वारुळाचा पत्ता तिला परत आणतो. मग समोरच्यानं करायचं काय? काहीच नाही. बसून राहायचं आणि करिष्माची बाकीची जनावरं किल्ला पाडताना बघायचं.

या जोडावर तिनं नागपूरची विभागीय स्पर्धा जिंकली. दोन महिन्यांत राज्यभर सगळे तोच जोड खेळायला लागले. आणि आता दीमकच गेली.

संध्याकाळी ती दुकानात गेली तेव्हा प्रणितनं मोबाइल स्टँडवर लावून ठेवला होता.

"बस इथी," तो म्हणाला. "व्हिडिओ काढू. तू एवढंच बोल, का गडचिरोलीची पोरगी जिंकली म्हणून यायच्या पोटात दुखलं. पुण्याच्या पोरानं हा जोड बांधला असता त बंदी आली असती का? पाह्य कसा फिरते व्हिडिओ."

करिष्मा बसली नाही. "तसं नाई हाय, प्रणित."

"मंग कसं हाय?"

तिला नागपूरचा शेवटचा सामना आठवत होता. समोर नंदिनी नावाची कॉलेजातली मुलगी होती. महिनाभर खपून तिनं हरणांच्या कळपाचा जोड बांधला होता. दोन डावांत मिळून तिला एकही हरीण मांडता आलं नाही. दर पाळीला पत्ता उचलायची, दाणे नाहीत म्हणायची आणि पाळी सोडायची. शेवटी तिनं हातातले सगळे पत्ते टेबलावर उलगडून ठेवले आणि म्हणाली, "ताई, निदान बघा तरी, मी काय आणलं होतं ते." करिष्मानं ते पत्ते पाहिले. फार सुंदर जोड होता. त्या रात्री ढाल घेऊन परत येताना तिला हवा तेवढा आनंद झाला नव्हता, पण ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

आता तिनं प्रणितला सांगितलं. "समोरच्याले खेळताच येत नसन त तो खेळ कायचा? मी त्यायच्या जागी असती त मीबी बंदीच घातली असती."

प्रणितचा चेहरा उतरला. "म्हणजे तू कंपनीकडून झाली."

"मी कोनाकडून नाई. जे दिसलं ते सांगून राह्यली."

"तुह्या जोडापायी मी रोज तासन्‌तास बसलो. माह्या दुकानात शिकली तू. आन मी लोकायले का सांगू, का ज्याची वस्तू तोच म्हणते बरं झालं गेली?" त्यानं स्टँडवरचा मोबाइल काढून खिशात घातला. "जाय मंग. तुह्या तू खेळ."

करिष्मा घरी आली. रडावंसं वाटत होतं, पण उद्या पहाटेची ड्युटी होती आणि एकोणीसच दिवस हातात होते. तिनं पत्त्यांचा डबा काढला आणि सगळे पत्ते गादीवर ओतले.

पहिला जोड तिनं वाघांचा बांधला. तो चार दिवसांत मोडला, कारण वाघ भारी आणि तिच्याकडे त्यांची एकेकच प्रत होती. दुसरा साप-विषाचा. तो कागदावर छान दिसायचा. पण एकटीनं दोन्ही बाजू खेळून काही कळत नाही. डावा हात काय करणार हे उजव्या हाताला आधीच ठाऊक असतं. समोर माणूस पाहिजे होता.

तिची आई गुणाबाई अंगणवाडीत मदतनीस होती. दुपारून घरी असायची.

"आई, मले खेळाले कोनी नाई. तू बसतं का?"

"मले कुठी येते ते?" म्हणत गुणाबाई बसली. चष्मा लावून तिनं एकेक पत्ता मोठ्यानं वाचला. तीन दिवस ती सारखी हरली आणि दर डावाला विचारत राहिली, "आन आता हा कायले?" करिष्माला कधीकधी चीड यायची, पण ती परत समजावून सांगायची.

चौथ्या दिवशी करिष्मानं तिला म्हटलं, "आता तुहा जोड तूच बांध. तुले पाह्यजे ते घे."

गुणाबाईनं बराच वेळ लावून पत्ते निवडले. हत्ती, रेडा, वाघ, अस्वल, जे मोठं दिसेल ते. मग 'वणवा' हातात घेतला. हा आगीचा पत्ता. टाकला की मांडलेली सगळी लहान जनावरं जळतात. राज्यात प्रत्येकाच्या जोडात तीन वणवे असायचेच.

"हे आग कायले?" गुणाबाईनं विचारलं.

"दीमक जाळाले."

"म्हणजे आपली उधई ना? त तूच म्हनतं आता ते खेळाची नाई. मंग आग ठेवून काय करू? जागा अडवते फुकट." आणि तिनं तिन्ही वणवे बाजूला काढून त्यांच्या जागी आणखी तीन मोठी जनावरं ठेवली.

करिष्मा हसली. मग एकदम थांबली.

"आई, हेच. हेच करतीन सारे."

"काय वं?"

"सारेच वणवे काढतीन! दीमक नाई म्हणून वणवा नाई. आन त्या जागी मोठे मोठे भरतीन, तुह्यासारखे."

वणवा नसेल तर लहान जनावरं सुरक्षित. आणि लहान जनावरांसाठी एक पत्ता तिच्या डब्यात तळाशी पडून होता: 'हाँका'. आपली चार लहान जनावरं मांडलेली असतील, तर हाँका टाकून समोरच्याचं एक मोठं जनावर त्याच्या हातात परत हाकलता येतं. त्यानं दाणे घालवलेले असतात, पण जनावर त्याचंच राहतं. तो पुन्हा साठवून पुन्हा मांडू शकतो. करिष्माला हेच आवडलं. समोरचा खेळतो, फक्त त्याला घाई करता येत नाही.

त्या दुपारी तिनं मुंगूस, साळिंदर, कोल्हा, घोरपड असे लहान पत्ते निवडून जोड बांधला आणि आईच्या हत्तींना सलग चार डाव परत हाकललं. पाचव्या डावाला गुणाबाई म्हणाली, "मी आता मांडतच नाई हत्ती. तू हाकलून देतं. आंधी तुहे लहाने मारतो." आणि अस्वलानं करिष्माचं साळिंदर मारलं. तो डाव गुणाबाईनं जिंकला. करिष्मानं वहीत लिहून घेतलं, हाँका येईपर्यंत चार जनावरं जगवायची कशी. पुढचे आठ दिवस ती तेवढ्याच एका प्रश्नावर बसली. तिकिटं फाडताना, पेंढरीच्या मुक्कामी गाडीत झोपताना. एक पत्ता काढ, दुसरा घाल. आई कंटाळली की, "आई, एकच डाव."

चंद्रपूरच्या मंगल कार्यालयात स्पर्धा होती. शहाण्णव खेळाडू. सहा फेऱ्या, त्यातून पहिले आठ बाद फेरीत जाणार आणि राष्ट्रीय स्पर्धेलाही. नाव सांगितलं तेव्हा दोन-चार जणांनी वळून पाहिलं. "दीमकवाली," कुणीतरी म्हणालं.

पहिली फेरी ती हरली. हाँका आलाच नाही. ती बाहेर नळावर गेली, तोंड धुतलं, आत येऊन पुढच्या टेबलावर बसली. त्यानंतरच्या चारही फेऱ्या ती जिंकली. जिथं जाईल तिथं हत्तीच हत्ती होते आणि वणवा कुणाकडेच नव्हता.

शेवटच्या फेरीची यादी भिंतीवर लागली. टेबल तीन: करिष्मा उंदिरवाडे, प्रणित मडावी. तीनपैकी दोन डाव जो जिंकेल तो आठांत.

तो आलाय हे तिनं सकाळीच पाहिलं होतं. दोघंही एकमेकांकडे गेले नव्हते. आता समोरासमोर बसले, पत्ते पिसले, एकमेकांना कापायला दिले. 

पहिल्या डावात करिष्मानं पाचव्या पाळीपर्यंत पाच लहान जनावरं मांडली. हातात हाँका होता. प्रणितनं पत्ता उचलला, थोडा वेळ पाहिला आणि टेबलावर ठेवला. वणवा. पाचही जनावरं गेली.

"साऱ्यायनं काढला," तो हळूच म्हणाला. "पण मले मालूम होतं, तू लहानंच खेळशीन."

दोन पाळ्यांत तो डाव संपला.  करिष्मानं पत्ते पुन्हा पिसले. याला मी ठाऊक आहे, तिनं विचार केला, पण मलाही हा ठाऊक आहे. त्याच्या हातात वणवा असला की हा तो राखून ठेवणार, जास्तीत जास्त जनावरं जळतील अशा वेळेची वाट पाहणार. दुकानात तो नेहमी असंच करायचा. एका मुंगसावर तो वणवा कधीच टाकणार नाही.

दुसऱ्या डावात तिनं कधीच तीनपेक्षा जास्त जनावरं मांडली नाहीत. बाकीची हातात दाबून ठेवली. तिघांनीच किल्ला टोकरत राहिली. प्रणितनं हत्ती मांडला. लगेच आपल्या पाळीला तिनं चौथं जनावर आणि हाँका एकदम टाकले. हत्ती परत गेला. पुढच्या पाळीला वणवा आला, पण तोवर त्याच्या किल्ल्याचे दोनच दगड उरले होते आणि तिच्या हातात आणखी दोन कोल्हे होते. तो डाव तिचा झाला.

तिसरा डाव पाऊण तास चालला. बाकीची टेबलं संपली, लोक भोवती उभे राहिले. प्रणितनं एकदा घाईनं वणवा टाकला, तीन जनावरं जाळली, आणि टाकल्याटाकल्या त्याच्या लक्षात आलं की करिष्मा दुसरी टोळी हातात धरून बसली आहे. त्यानं डोकं हलवलं. तरी तो शेवटपर्यंत खेळला. वाघ मांडला, रेडा मांडला, तिचा किल्ला एका दगडावर आणला. मग तिच्या घोरपडीनं त्याचा शेवटचा दगड पाडला.

प्रणितनं हात पुढे केला. "घोरपड कोन ठेवते जोडात?"

"आईनं ठेवाले लावली. तिले आवडते."

तो हसला नाही, पण उठूनही गेला नाही. पत्ते गोळा करत म्हणाला, "व्हिडिओचं जे बोललो ते... मले वाटलं, आपल्याले कोनी मोजतच नाई. हे एक होतं, तेबी गेलं."

"हा जोड घरी आईसंगं बांधला मी, पण शिकवलेलं त तुहंच होतं," करिष्मा म्हणाली. "म्हणजे तू जिथी नव्हता तिथीबी तूच होता. तुले कसं हरवायचं ते तुह्याच दुकानात शिकली."

बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात ती हरली. समोर कोल्हापूरचा एक शांत माणूस होता. त्याच्या जोडात एकही मोठं जनावर नव्हतं, हाकलायचं कुणाला? सगळे पक्षीच. प्रणित तिच्या मागं उभा राहून पाहत होता. परतीच्या बसमध्ये, मूल गाव येईपर्यंत, दोघंही त्या पक्ष्यांवरच भांडत होते.

सोमवारी सकाळी ड्युटीवर जायच्या आधी करिष्मा डेपोच्या कार्यालयात गेली आणि रजेचा अर्ज टेबलावर ठेवला. राष्ट्रीय स्पर्धेला अडीच महिने होते. बाबूनं तारखा वाचल्या, मग कारण वाचलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"पत्ते खेळाले सुट्टी पायजे? पुण्याले?"

"हो भाऊ."

"काही दुसरं लिव्ह ना. लग्न लिव्ह, दवाखाना लिव्ह. साहेब हासतीन."

"हासू द्या," करिष्मा म्हणाली. "राज्यातून आठ जणं निवडले, त्याच्यात मी हावो. जे हाय तेच लिव्हलं."

बाबूनं क्षणभर पेन फिरवलं आणि अर्जावर आवक क्रमांक टाकला. करिष्मानं मशीन खांद्याला अडकवलं आणि धानोऱ्याच्या गाडीकडे निघाली.