मावशीची केस

आमच्या नर्सिंग कॉलेजातली मावशी कधी जन्मलीच नव्हती. तिला आम्ही तीन शिक्षकांनी मिळून बनवलं, तेही एकमेकांचं तोंड न बघता.

झालं असं, की प्राचार्यबाईंच्या मनात आलं, आता विषय तुकड्यातुकड्यांनी शिकवायचे नाहीत. एकच काल्पनिक पेशंट घ्यायची आणि शरीर, औषधं, शुश्रूषा सगळं तिच्यावरच शिकवायचं. कल्पना चांगली होती, नावं ठेवणार नाही मी. पण आम्ही तिघं तीन इमारतींत, आणि वेळापत्रकांचा आपसांत छत्तीसचा आकडा. म्हणून सगळा कारभार ऑनलाइन. मावशीच्या केसचं एक सामायिक पान, आमचा तिघांचा ग्रुप, आणि शुक्रवारी पोरांबरोबर व्हिडिओवर तास. शरीरशास्त्राचे सर दर सोमवारी मावशीचा ऑक्सिजन आणि नाडी लिहिणार. औषधं शिकवणारी नवी पोरगी, जिला पोरं गोळीमॅडम म्हणतात, ती गोळ्या बदलणार. मी शेवटाकडे. पेशंट आता बरी होणार नाही, हे घरच्यांशी कसं बोलायचं ते मी शिकवते. पोरं मला मागून आग्यामोहोळ म्हणतात. म्हणोत बापडी! या कामाला गोडबोली बाई लागते, असं सांगितलं कुणी?

मावशीला फुप्फुसं आखडत जाण्याचा आजार द्यायचा आणि सत्र संपता संपता ती जाणार, हे प्राचार्यबाईंसमोर ठरलं होतं. पण सरांचं भलतंच. दर सोमवारी मावशी आपली सुधारतेच आहे. वर नाही नाही ते तपशील. मावशी चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवते. मावशीला डाव्या कुशीवर झोप लागत नाही. चमचा भांड्यावर आपटलेला मावशीला अजिबात खपत नाही. मी ग्रुपवर लिहिलं, "सर, केस लिहिताय की कादंबरी?" गोळीने हसरा चेहरा टाकला.

पुढच्या सोमवारी ऑक्सिजन चौऱ्याण्णव. माझं टाळकंच सरकलं. "सर, ही अशीच सुधारत राहिली तर धावण्याच्या शर्यतीत उतरेल. मग मी पोरांना काय शिकवू, टाळ्या वाजवायला?"

"अशा पेशंट सुधारतात कधीकधी," त्यांचं उत्तर आलं.

मी आकडा खोडून ब्याऐंशी लिहिला. त्यांनी पुन्हा चौऱ्याण्णव केला. मी खोडला, त्यांनी केला. दोन घोडी झालेली माणसं पाटीवर भांडतायत आणि अख्खा वर्ग बघतोय! फोन केला तर उचलेनात. मग मी ऑफिसातून पत्ता घेतला. म्हटलं, आज सोक्षमोक्ष लावूनच येते.

दार नुसतं लोटलेलं होतं. मी कडी वाजवून सरांना हाक मारली.

"या, उघडंच आहे," आतून आवाज आला. दर दोन शब्दांनंतर श्वास. "हे दुसरं सिलिंडर आणायला गेलेत."

आतल्या खोलीत खिडकीशी पलंगावर एक बाई उजव्या कुशीला उशा लावून रेलली होती. नाकात नळी. चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला. मी चपलांसकट तशीच आत गेले.

"तुम्ही आग्यामोहोळ ना?" ती म्हणाली. "आवाजावरून ओळखलं. हे बाहेरच्या खोलीत शुक्रवारचा तास घेतात, मला इथे सगळं ऐकू येतं. तुमचं पानही वाचते मी. टॅब इथेच ठेवून जातात. मी वाचते, हे त्यांना माहीत नाही."

अशा वेळी काय बोलायचं, हे आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवत आले, आणि माझीच दातखीळ बसली. मावशीच्या रक्तातलं पोटॅशियम मला तोंडपाठ होतं. सरांची बायको अंथरुणाला खिळलीय, हे ठाऊक नव्हतं. रोज बोलत होतो आम्ही ग्रुपवर, रोज! लाज वाटली मला, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"खरा आकडा किती आहे?" मी कसंबसं विचारलं.

"तुम्ही लिहिता ना, त्याहून थोडा कमीच." ती हसली आणि हसण्यातून खोकला उठला. मी तिच्या पाठीला हात देऊन बसले. हाताला नुसती हाडं लागत होती.

खोकला ओसरल्यावर ती म्हणाली, "डॉक्टरांनी ह्यांना बाहेर बोलावलं, तेव्हाच मला कळलं हो. पण घरात बोलायची सोय नाही. मी विषय काढला की हे माझी नाडी धरतात आणि घड्याळाकडे बघत बसतात. एवढ्या वर्षांचा संसार, आणि जाताना दोघं मुक्यासारखी. मला एकदा ह्यांच्याशी बोलायचंय. भीती वाटते, असं म्हणायचंय. रडायचं तर दोघं मिळून रडू. एवढंच राहिलंय बघा."

"मी बोलते त्यांच्याशी."

"तुम्ही बोललात तर तुमचीही नाडी बघतील ते." पुन्हा तिला हसू आलं, ते तिने आवरलं. "सत्राच्या शेवटी पोरं पेशंटच्या घरच्यांशी बोलायचा सराव करतात ना? त्यात मावशीच्या नवऱ्याचं काम ह्यांना द्या. पोरांना नाही म्हणता येत नाही त्यांना. पोरांपुढे एकदा तोंड उघडलं, की मग माझ्यापुढेही उघडेल."

सर परतायच्या आत मी निघाले आणि जिन्यात ढसाढसा रडले. घरी पोचताच ग्रुपवर लिहिलं: पुढच्या शुक्रवारी सराव, मावशीच्या नवऱ्याचं काम सर करतील. सरांनी संध्याकाळी एकच शब्द लिहिला, "ठीक." त्यानंतरच्या सोमवारी पानावर आकडाच आला नाही. मला वाटलं, नवऱ्याचं काम गळ्यात मारलं म्हणून रुसलेत. "मॅडम, जिंकलात तुम्ही," गोळीने लिहिलं. मी तिला असं काही झापलं, की बिचारी दोन दिवस ग्रुपवर फिरकली नाही.

शुक्रवारी सर पडद्यावर आले ते दाढी वाढलेले, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. पोरांना वाटलं, नवरा झालेत म्हणून वेश करून आलेत. एकाने लिहिलंसुद्धा, "सर, गेटअप भारी!"

बोलायला मी वर्गातली सगळ्यात बुजरी मुलगी निवडली होती.

"काका," तिने सुरुवात केली, "मावशींची तब्येत आता उतरणीला लागलीय. डॉक्टर तुमच्याशी बोलले ना?"

"बोलले."

"तुम्ही मावशींना सांगितलंत?"

"नाही. खचेल ती."

"काका, बहुतेकदा पेशंटला आधीच कळलेलं असतं. त्यांना काय वाटतंय, ते विचारलंत का कधी?"

मी इकडे मनातल्या मनात ओरडत होते, उठा हो सर, जा, विचारा तिला!

"आता ती बोलत नाही," सर म्हणाले. "परवापासून."

मुलगी गडबडली. तिने घाईघाईने केसचं पान वरखाली केलं. "सर, पण हे... हे केसमध्ये नाहीये. केसमध्ये मावशी बोलतात."

"बोलायची. मीच बोलू दिलं नाही तिला."

आम्ही शुक्रवार ठरवला होता, आणि तिला शुक्रवारपर्यंत दम निघाला नव्हता. आता हे थांबवावं म्हणून मी हात पुढे केला, तोच मुलगी पुन्हा बोलायला लागली. सर मुद्दाम अवघड करतायत, असं तिला वाटलं असणार.

"काका, मॅडमनी शिकवलंय, बोलणं थांबलं तरी ऐकू येत असतं, असंच धरून चालायचं. तुम्ही बोला त्यांच्याशी. उत्तर नाही आलं तरी बोला."

सर उठले. पडद्यावर नुसती खुर्ची उरली. खाली टाळ्यांच्या खुणांचा पाऊस पडायला लागला. "कसला अभिनय!" "सर, तुम्ही नाटकात हवे होतात!" ती मुलगी तेवढी डोळे पुसत होती.

मी सगळ्या वर्गाला बाहेर काढलं. स्वतःही बंद करणार, तेवढ्यात आतल्या खोलीतून ऐकू आलं. ऑक्सिजनच्या बाटलीतल्या पाण्याची बुडबुड. स्टूल ओढल्याचा आवाज. मग सर.

"अगं," ते म्हणाले, "मला फार भीती वाटतेय. तुला वाटते का गं?"

पाणी बुडबुडत राहिलं. सरांनी तेच पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने.