चादर आणि कॉन्चेर्टो

सोमशेखर चादरवाल्यांचा एकच हट्ट होता, नामांकित पियानोवादक नोशीरजींच्या खांद्यावर धाकट्या भावाच्या, राजशेखरच्या चादरीआधी आपल्या कारखान्याची चादर पडावी. कॉन्चेर्टो म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदाची तीन भागांची रचना; तिचा पहिला भाग संपून वाद्यवृंद थांबला, तसे ते मंचावर चढले आणि चादर घालून, नारळ देऊन, फोटो काढूनच उतरले.

"अण्णा, अजून दोन भाग आहेत की," म्हणत राजशेखर आपली जाडजूड चादर घेऊन पायरीवर उभा राहिला.

नोशीरजींनी त्याला पाहिलं. मे महिन्यात त्यांना एक चादर पुरेशी होती. मग ते थांबलेच नाहीत. तिसरा भाग संपताच त्यांनी पुन्हा पहिला धरला, मागोमाग वाद्यवृंदानंही.

चौथ्या फेरीला राजशेखर पायरीवरच बसला. "हे थांबणार कधी?"

सोमशेखर मान डोलावत म्हणाले, "वाजवू दे की. लई गोड वाजवतोय."