शोभेच्या कपड्यांची दोरी

मी दोरी बोलतेय. झोपाळ्याची नव्हे, होडीचीही नव्हे, साधी कपडे वाळत घालायची. माझं एक टोक गल्लीच्या या बाजूला तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत आणि दुसरं समोरच्या खिडकीत. दोन्हीकडे कप्पी आहे, त्यामुळे खिडकीत उभं राहून ओढलं की कपडे आपोआप पुढे सरकतात.

मला बांधलं तेव्हा या बाजूच्या सासूबाई नवी नवरी होत्या आणि समोर शिंपीणकाकू राहायच्या. सकाळी यांचे कपडे, दुपारी त्यांचे. कपडे सरकवता सरकवता दोघींच्या गप्पा चालत. कोणाचं कोणाशी बिनसलं, कोणाकडे पाळणा हलणार, सगळं माझ्या देखत ठरायचं. कधी मोज्यात घालून दोन लिंबंसुद्धा मी पलीकडे पोचवलीत.

मग पर्यटक यायला लागले. जुनी घरं, दगडी पायऱ्या, त्यांना सगळ्याचंच कौतुक. सुरुवातीला आम्हालाही बरं वाटलं. कोणी खालून हात केला की सासूबाईही हात करायच्या. पुढे कोपऱ्यावरचं किराणा दुकान गेलं आणि तिथे टोप्या टांगल्या गेल्या. शिंपीणकाकूंनी घर सोडलं, त्यांच्या अख्ख्या इमारतीत पाहुण्यांच्या खोल्या झाल्या. तिथे टॉवेल रोज बदलतात. आमच्या नळाला मात्र पाणी अर्धाच तास यायला लागलं.

त्याच सुमाराला सासूबाई अंथरुणाला खिळल्या. सून बेकरीतलं काम उरकून सकाळी दहाला घरी यायची आणि आल्या आल्या त्यांची चादर धुवायची. रोज एक, कधी दोन. पांढऱ्या, धुऊन धुऊन विरलेल्या. मला त्यांचा कधी कंटाळा आला नाही.

समोरच्या पाहुण्यांच्या खोल्या सांभाळणाऱ्या मॅनेजरला मात्र आला. आधी त्याने दोऱ्या काढायला लावल्या, म्हणे गल्ली गबाळी दिसते. चार महिन्यांनी त्यालाच शोध लागला, की पाहुण्यांना वाळणारे कपडे फार आवडतात. मग मला पुन्हा बांधलं आणि स्वारी एक खोकं घेऊन वर आली. आत रंगीत फ्रॉक, पट्ट्यापट्ट्यांचे शर्ट, बाळाची झबली. सगळं कोरं.

"ताई, हे बाहेर राहू द्या," तो म्हणाला. "तुमच्या चादरी तेवढ्या आत वाळवा. फोटोत बऱ्या दिसत नाहीत."

गोड बोलतो मेला. दोन्ही इमारतींचा मालक एकच, त्यामुळे सुनेनं मान डोलावली.

पण घराला खिडकी एकच, आणि तीही माझ्यावरच्या या कोऱ्या कपड्यांनी अडवलेली. चादरी खुर्च्यांवर पसरायच्या आणि दमटच राहायच्या. त्या दमट चादरींवर पडून पडून सासूबाईंच्या पाठीला जखमा झाल्या. मग एक दिवस सुनेनं फ्रॉक, झबली सगळं बाजूला सारलं आणि चादर माझ्यावर टाकली. घाईत नीट पिळली नव्हती. खाली फोटो काढणाऱ्या बाईच्या कॅमेऱ्यावर पाणी गळलं.

मॅनेजर धापा टाकत वर आला. लोक किती लांबून चार दिवस राहायला येतात, ते समजावत राहिला. सुनेनं ऐकून घेतलं.

"त्यांना चार दिवस राहायचंय," ती म्हणाली. "आमच्या आईंना मरेपर्यंत राहायचंय."

महिनाभरात घर रिकामं करायचा निरोप आला.

सासूबाईंना खुर्चीत बसवून दोन हमालांनी खाली नेलं. वाट द्यायला गल्लीतले पाहुणे भिंतीला चिकटून उभे राहिले, एकाने तर खुर्चीला हातही लावला. वाईट नाहीत हो ती माणसं. माझ्या खाली आल्यावर सासूबाईंनी मान वर केली आणि मला पाहिलं.

"सूनबाई, आपले कपडे वरच राहिले."

"ते आपले नाहीत, आई."

सासूबाईंना ते काही पटलं नाही. वळणापर्यंत त्या मागे वळून बघत होत्या. मला तेव्हा तुटून पडावंसं वाटलं, पण मी नायलॉनची, तेही जमत नाही.

आता दोन्ही खिडक्या बंद असतात. पाऊस आला तरी कपडे काढायला कोणी धावत नाही. वर मोठं कुटुंब राहतं, असं मॅनेजर सगळ्यांना सांगतो आणि माझ्याकडे बोट दाखवतो. फार दमलेय मी या खोटेपणाने. तुम्ही कधी या गल्लीत आलात तर फोटो जरूर काढा, पण आधी वर बघून एकदा हाक मारा. कोणी ओ देतंय का, तेवढं थांबून ऐका.