गालातला घोट

मी बोलण्या-गिळण्याची थेरपिस्ट. रुग्ण गिळतोय की नाही, हे एकोणीस वर्षं चार बोटं गळ्यावर ठेवून तपासते. सोमवारी आमच्या विभागात त्यासाठी एक पट्टा आला. तो गळ्यात घालायचा. घोट उतरला की पडद्यावर हिरवा दिवा, नाहीतर लाल. बरोबर कंपनीचा माणूसही आला. चमचा त्याने पेनासारखा धरला होता.

प्रयोगासाठी सहा नंबरच्या खाटेवरचे, घड्याळं दुरुस्त करणारे काका निवडले. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर तीन आठवडे त्यांच्या नाकात अन्नाची नळी होती. पट्टा हिरवा झाला तर ती आजच काढू, असं मोठ्या डॉक्टरांनी काकूंना सकाळीच सांगून टाकलं होतं. मला विचारायची तसदी कुणी घेतली नव्हती. काकू घरून काकांचा कप घेऊन आल्या होत्या, कान तुटलेला.

"मॅडम, बोटांचं काम अंदाजाचं," कंपनीचा माणूस म्हणाला. "हा आकडा देतो."

"आकडा वजनकाटाही देतो."

"बाई जुन्या वळणाच्या आहेत," मोठे डॉक्टर त्याला म्हणाले. "चालू द्या तुमचं."

ठसका लागू नये म्हणून घट्ट केलेल्या पाण्याचे तीन चमचे दिले. तीन हिरवे दिवे लागले. कंपनीच्या माणसाने स्वतःच टाळी वाजवली. मोठ्या डॉक्टरांनी नर्सला नळीकडे बोट दाखवलं. काकू पदराने कप पुसू लागल्या.

"थांबा," मी म्हटलं. "काका, आ करा."

डाव्या गालात, जिथे त्यांना काहीच कळत नव्हतं, तिन्ही चमचे तसेच पडून होते. पट्ट्याने तीन वेळा नुसत्या लाळेचा घोट मोजला होता.

मी टॉर्च कंपनीच्या माणसाकडे दिला. "बघा, तुमचा आकडा कुठे बसलाय."

त्याने वाकून पाहिलं. "हे पुढच्या अपडेटमध्ये येईल."

"तोवर काकांनी गाल धरून बसायचं?"

काकांना हसू फुटलं.

"हसू नका! आधी थुंका."

खरं सांगायचं तर गळा वर सरकला होता, माझी बोटंही फसली असती. पण बोटांवर विसंबून मी कुणाची नळी काढत नाही. तोंड उघडून बघते. नाकातून आत बघणारा कॅमेरा मी दोन वर्षं मागतेय. तो यांना नको, कारण तो शिकावा लागतो. पट्ट्याला फक्त गळा लागतो.

मोठ्या डॉक्टरांनी चेहरा जराही न हलवता माझ्या हातात कागद दिला: 'नवे यंत्र स्वीकारण्याबाबत थेरपिस्टचे मत'. चौकटी तीनच. उत्तम, चांगले, बरे.

"म्हणजे आज नाहीच?" काकूंनी विचारलं.

"आज नाही. उद्या मान उजवीकडे कलवून एक चमचा. एकच. मग गाल बघायचा."

काकूंनी कप पिशवीत परत टाकला नाही. त्या खाटेजवळच्या ओल्या टेबलावर जागा शोधत होत्या. मी मताचा कागद चार घड्या करून कपाखाली सरकवला.