बिघडलेले ठरवलेले यंत्र

मी श्वासातली दारू मोजणारे एक जुने यंत्र आहे. मित्रांनो, विस्कॉन्सिनमधल्या एका कागद कारखान्यात माझी हयात गेली. माणूस नळीत फुंकतो, मी आकडा दाखवते. मी नवे होते तेव्हा व्यवस्थापक हॉलिस्टर माझे फार कौतुक करायचे.

कायदा साधा आहे. दारूचे व्यसन हा आजार. उपचारासाठी रजा द्या, बरा होऊन आलेल्याला त्याचे काम द्या. मात्र तो कामावर पिऊन आला, तर इतरांना जी शिक्षा तीच त्याला. हॉलिस्टरना यातले शेवटचेच वाक्य आवडे, तेही दुसऱ्यांसाठी.

क्रेन चालवणारी लॉर्ना केसेनिक स्वतःहून उपचाराला गेली होती. परतल्यावर तिने थेंबही घेतला नाही.

"आजार म्हणे. मलाही दर शुक्रवारी होतो," असे हॉलिस्टर म्हणत आणि लाचार माणसे हसत.

आमच्याकडे निवृत्तीचा निरोप तळलेल्या माशांवर आणि ब्रँडीवर होतो. फोरमनच्या निरोपाला हॉलिस्टरनी मला खेळणे म्हणून नेले. सगळ्यांनी फुंकले, मोठ्या आकड्याला टाळ्या. सर्वांत मोठा आकडा हॉलिस्टरांचाच होता. लॉर्नाने सोड्याचा ग्लास उंचावला. त्यांनी तिच्या हातात ब्रँडी कोंबली, ती तिने टेबलावर ठेवली. एवढेच त्यांना झोंबले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला त्यांनी तपासणीसाठी एकट्या लॉर्नाला बोलावले. आकडा आला असता तर तिची नोकरी गेली असती. कामगार संघटनेचा ओडेल तिच्यासोबत आला.

तिने फुंकले. शून्य. पुन्हा फुंकायला लावले. शून्य.

"यंत्र बिघडलंय," हॉलिस्टर म्हणाले.

ओडेलने विचारले, "एकट्या हिलाच का? सगळ्यांना फुंकायला लावा."

"बाकीचे आजारी नाहीत."

"मग खोलीत वास कुणाचा येतोय?"

लॉर्नाने नळी बदलली आणि मला हॉलिस्टरांपुढे धरले. "बिघडलंय ना? मग फुंका की."

त्यांनी मला हिसकावून खणात टाकले. लॉर्ना क्रेनवर चढली. पुढे कारखान्यात नवे यंत्र आले आणि मी बिघडलेले ठरले.

मित्रांनो, माझी कीव करू नका. उपचार घेऊन कोणी परत आले, तर त्याला त्याचे काम करू द्या आणि त्याचा पिच्छा सोडा. एवढेही ज्याला जमत नाही, त्याला मी साहेब म्हणत नाही.