ताईचा डावा पाय

ताईने आयुष्यभर पोरापोरींना विमान उडवायला शिकवलं. निवृत्त झाल्यावर तिने स्वतःसाठी दोन आसनांचं एक जुनं विमान घेतलं, आणि त्याची देखभाल आपसूकच धाकट्या भावाच्या गळ्यात पडली. धाकटा विमानांचा मेकॅनिक. जुन्या इंजिनाने मान टाकली तेव्हा त्याने खटपट करून एक दणकट इंजिन मिळवलं. अडचण एकच होती. वैमानिकाच्या जागेवरून पाहिलं तर जुनं इंजिन पंखा घड्याळाच्या काट्यांसारखा फिरवायचं. हे नेमकं उलटं. त्याने उलट्या पिळाचा पंखाही बसवला आणि ताईला बजावलं, "आता पळताना नाक डावीकडे नाही, उजवीकडे ओढलं जाईल. तेव्हा उजव्याऐवजी डाव्या पायाचं पेडल दाबायचं."

"मला शिकवतोस होय रे?" ताई म्हणाली.

धावपट्टीवर तिने इंजिनाला जोर दिला. विमान उजवीकडे ओढ घेऊ लागलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने ताईचा उजवा पायच खाली गेला. मग काय, आगीत तेल! विमान आणखीच उजवीकडे वळलं, पट्टी सोडून गवतात घुसलं आणि कुंपणाच्या अलीकडे कसंबसं थांबलं. धाकटा धापा टाकत पोचला, तर ताई आत बसून खो-खो हसत होती.

"मला सगळं कळतंय रे. पण पायाला कोण सांगणार?"

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरात पायाची शिकवणी सुरू झाली. टेबलाखाली दोन विटा मांडल्या. ताई चहा पीत असो की मटार सोलत असो, धाकटा मध्येच ओरडायचा, "जोर दिला!" की ताईने डावी वीट दाबायची. जित्याची खोड, लवकर जाईना. मग एकदा जेवताना तो ओरडला आणि ताईचा डावा पाय असा सुटला, की समोर बसलेल्या धाकट्याच्या नडगीवरच बसला. तो कळवळला. ताई टाळ्या पिटत म्हणाली, "आलं! आलं!"

वारा पडलेला पाहून एका सकाळी तिने विमान बाहेर काढलं. "मागे बस."

धाकटा दचकला. विमानं दुरुस्त करण्यात हयात गेली, पण वर जायची त्याला भारी भीती वाटायची.

"इंजिन तूच बसवलंस ना? का भरवसा नाही?"

तो चढला, पट्टा आवळला आणि डोळे मिटून घेतले.

इंजिन गरजलं. नाक उजवीकडे कलतंय न कलतंय तोच सरळ झालं. चाकांची खडखड वाढत गेली आणि एकदम थांबली.

"आपटलो का?" तो ओरडला.

"उडालो, वेड्या! डोळे उघड."

विमान चांगलं वर गेल्यावर त्याने एक डोळा उघडला. खाली त्याचं वर्कशॉप काडेपेटीएवढं दिसत होतं आणि दारात बायको दोन्ही हात हलवत होती. मग दुसराही उघडला. तो वाकून एकेक ओळखीची जागा शोधू लागला. शेवटी ताईच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "जरा नदीवरून ने ना."